कापसाच्या काट्यावर

सेलू, गुरुवार, सायंकाळ

जिनिंगच्या कापूस तोलायच्या काट्यावर माझे वजन पुन्हा दोन मण सहा शेर. सव्वा महिना एकेका भाकरीवर काढला, तेव्हा वजन चार शेरांनी उतरले होते. हृदयासाठी ते आणखी उतरलेच पाहिजे, म्हणून डॉक्टरांनी सूर्यनमस्कार जोडायला सांगितले. आणि ते सुरू करून पंधरवडा झाला, काटा जागचा हलत नाही. मग चुकते कुठे? तोलारी कापूस उतरवता उतरवता म्हणाला, "मास्तर, कोट पोटावर लय ढिला झालाय की तुमचा, अन् दंड भरलेत. आकडा कशाला बघायलाव?" मी त्याला झिडकारले. ढिला कोट हा पुरावा नव्हे. दोन मण सहा शेर हा पुरावा. वर्गात मी ठणकावून सांगतो, रीत बरोबर असेल तर उत्तर येतेच. माझी रीत निर्दोष आहे. उद्या पहाटे सूर्यनमस्कारांना कोणत्या विश्वासाने उठावे, ते मला कळत नाही.