शोभामावशींचं फडकं

मंगळवार, संध्याकाळ

सिन्नरच्या कारखान्यातून घरी येऊन तास झाला, चहा गार झाला, आणि डोक्यात अजून ते फडकंच आहे.

मागच्या गुरुवारी प्रेस मशीनजवळ तेलावरून घसरून आमच्या ऑपरेटरचं मनगट मोडलं. सेफ्टी ऑफिसर म्हणून आज चौकशी माझ्याकडे होती. सुपरवायझरने फळ्यावर आधीच 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहून टाकलेलं. मी नेहमीसारखी 'का, का' विचारत गेले. तेल आलं कुठून? मेंटेनन्सवाले म्हणाले, तिथे तेल कधी नव्हतंच.

तेव्हा झाडलोट करणाऱ्या शोभामावशी दारातून म्हणाल्या, "मॅडम, चूक माझी हाय. गुरुवारी मी सुट्टीवर होते."

कुणालाच कळेना. मग हळूहळू निघालं. दिवाळीपासून मशीनखाली तेल गळतंय. "पहिलं दिवसातून एकदा पुसायचे. मग दोनदा. आता तासातासाला. फडकं किती भिजतं त्यावरून समजतं ना, गळती वाढली ते."

"कुणाला सांगितलं नाही?"

"पुसायचं काम माझंच. त्यात सांगायचं काय?"

इतकी अचूक नोंद आमच्या एकाही रजिस्टरमध्ये नाही. इतके महिने आम्ही सगळे त्या एका फडक्याच्या भरवशावर चालत होतो, आणि माफी त्या मागत होत्या. मी त्यांना खुर्ची दिली. म्हटलं, मावशी, तुम्ही सांगा, मी लिहिते.

सुपरवायझरवर कशाला चिडू? गेल्या महिन्याच्या पाहणीच्या तक्त्यात 'प्रेस'समोर लिहिलंय, 'जमीन स्वच्छ'. खाली सही माझी आहे.