एबल थॉर्लीचे वारस

दिनांक ९ जून १९९८, मंगळवार. सकाळी थंडी होती. बँकेत जाऊन आले. जेवण झाल्यावर हे लिहायला बसले.

मी एनिड मॉड थॉर्ली, वय त्र्याहत्तर, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार बाथर्स्ट, पूर्व केप, दक्षिण आफ्रिका. माझे डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात तपासले. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. सांगणारा माझा भाऊ बेझल एप्रिलमध्ये वारला. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर आणि बँकेतील शिल्लक बेझलची मुलगी हिल्डा हिला. बापाचे टेबलही तिने न्यावे. मला ते पाहवत नाही.

२. थॉर्ली घराण्याची नोंदवही. १८२० साली इंग्लंडहून इथे वसायला आलेल्या जॉब थॉर्लीचे वंशज आम्ही बहीणभावाने एकतीस वर्षे शोधले. मी थडग्यांवर पीठ चोळून झिजलेली नावे वाचायची, बेझल टाइप करायचा. जॉबचा चौथा मुलगा एबल याच्यापुढे त्याने 'निपुत्रिक' लिहिले. मी विचारले तेव्हा म्हणाला, "मिशनच्या चर्चचं दप्तर जळालं, एनिड. तिथं काही उरलं नाही." मी विश्वास ठेवला.

दोन वर्षांपूर्वी पेडीहून थोझामा न्गेसी नावाच्या बाई आल्या. त्यांची आई एबलची पणती. मरण्याआधी तिला आपले नाव वहीत पाहायचे होते. भिंतीवरच्या जॉबच्या चित्राकडे बोट करून त्या म्हणाल्या, "हे नाक आमच्या घरात पण आहे, बाई. परत पाहिजे का?" मला हसू आले. बेझलला आले नाही. मी वही उघडून तो शब्द दाखवला.

"मग मी काय आभाळातून पडले?"

"वहीत असेल तेच आम्ही मानतो," मी म्हणाले. हे मीच म्हणाले, बेझल नाही. त्यांची आई त्याच हिवाळ्यात गेली.

गेल्या महिन्यात बेझलच्या खणात चर्चच्या पुस्तकातली दोन पाने सापडली. एबल, त्याची बायको नोमांती आणि पाच मुलांचा बाप्तिस्मा. कडा ब्लेडने कापलेल्या, सरळ. मागे त्याच्या अक्षरात मार्च १९६९. त्या काळी, वर्णभेदाच्या राज्यात, काळ्या बायकोच्या अशा नोंदीने गोऱ्या घराण्याची नाचक्की झाली असती, हे मला कळते. पण ते राज्य गेल्यावर, १९९६ साली थोझामाबाई आल्या तेव्हा काय झाले असते? एकोणतीस वर्षे तो रोज माझ्यासमोर बसून जेवला.

मी थोझामाबाईंना सर्व कळवून क्षमा मागितली. उत्तर आले: "आई गेली, बाई. आता वही दाखवू कुणाला?" तरी वही, ती दोन पाने आणि छापण्याचा हक्क त्यांचा. वहीतला तो शब्द मी खोडून पाच नावे लिहिली आहेत. अक्षर माझे आहे, हिल्डाने हरकत घेऊ नये.

३. घराण्याच्या दफनभूमीत बेझलशेजारी माझ्यासाठी राखलेली जागा थोझामाबाईंची. त्यांना नको असल्यास मोकळी राहू द्यावी. मला तिथे पुरू नये. गावच्या दफनभूमीत कुठेही चालेल.

सही: एनिड मॉड थॉर्ली, बाथर्स्ट
साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
रूपर्ट गेन्सफर्ड, निवृत्त पोस्टमास्तर
आयव्ही क्लेटन, शेजारीण

साक्षीदार पाच वाजता गेले. मी बटाटे सोलले. सवयीने दोघांपुरते.