सवतीचा टाक

पुणे
२५ नोव्हेंबर १९८०

तीर्थरूप आबांस,
गजराचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. मावशीची शेंगाचटणी प्रयोगशाळेतल्या पुरुषमंडळींनी दोन दिवसांत संपवली. बाटल्या मी धुवायच्या आणि चटणी त्यांनी खायची, अशी इथली वाटणी आहे.

आबा, एक गोष्ट तिथं बोलवली नाही. नरकचतुर्दशीला मावशी मला न्हाऊ घालत होती, तेव्हा तिच्या गळ्यातला टाक ओल्या साबणावर दाबला गेला. आई गेल्यावर तुम्ही दुसरं लग्न केलं, तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात बांधलेला तोच आईच्या नावाचा टाक. साबणावर उठला तो बाईचा चेहरा नव्हे. कुरळ्या केसांचा मुलगा आणि भोवती परकी अक्षरं. ती वडी मी इथं घेऊन आले. ते रोमचं नाणं आहे, जुन्या व्यापारातून तेरला आलेलं असणार. मुलाचं नाव गेटा, बादशहाचा धाकटा लेक.

रोमच्या एकेका बादशहानं नाण्यातली चांदी कशी कमी केली, हे मी नाणी हवेत आणि पाण्यात तोलून काढते. माझ्या यादीत गेटाचीच जागा रिकामी आहे. सर म्हणतात, नाणं आणलंस तर निबंध तुझा, नाहीतर तो माझ्या नावानं छापू, तू मदतनीस. तीस जानेवारीला अधिव्याख्यात्याच्या जागेची मुलाखत आहे. निबंधावर नाव नसेल तर मला कोण विचारणार?

मावशीची समजूत घालाल का?

आपली,
गजरा


तेर
६ डिसेंबर १९८०

चि. गजरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पुतळाला वाचून दाखवलं. टाक मुठीत धरून ती चुलीपुढं बसली. म्हणाली, लेकीला शिकून शहाणपण आलं, पण सवतीला गळ्यातून काढायला ती काय भोपळ्याची बी हाय का? थोरली रुसली तर घर निभंल का?

मग तो टाक करून देणाऱ्या विरुपाक्ष सोनाराकडं गेलो. म्हातारा आता अंथरुणावर आहे. आधी कानावर हात ठेवले, मग म्हणाला, आबाराव, लग्न दुसऱ्या दिवसावर आलेलं, माझा ठसा फुटलेला. टेकाडावर कुणाला तरी सापडलेलं ते नाणं घरात होतं, त्याला कडी लावून दिली. मेलेल्या बाईचं तोंड कोण निरखतंय? ठशात सगळ्या सवती सारख्याच.

आता एक लिहितो, हसू नकोस. लग्नापासून पुतळाला अधूनमधून एकच स्वप्न पडतं. गोरा, कुरळ्या केसांचा पोरगा बाईच्या मांडीत शिरतो, आई, मला मारतायत, असं म्हणतो, आणि त्या बाईचा हात रक्तानं भिजतो. मी दर सोमवारी तिच्यासाठी महादेवाचा अंगारा आणत आलो. तुझ्या आईचाच, बनाचाच काही त्रास असावा, असं मी समजत होतो. देव मला क्षमा करो.

असा कुणी मुलगा होता का?

तुझा,
आबा


पुणे
१५ डिसेंबर १९८०

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हातातली परीक्षानळी खाली ठेवली.

होता. बाप मेल्यावर दोघे भाऊ बादशहा झाले. थोरल्यानं समेटाच्या निमित्तानं गेटाला आईच्या महालात बोलावलं आणि शिपाई घातले. तो आईला बिलगला. तिच्या मांडीतच त्याला मारलं, तिच्या हातालाही जखम झाली. मग हुकूम निघाला, गेटाचं नाव दगडावरून खरवडा, चित्रांतून तोंड पुसून टाका. आईला रडायचीसुद्धा बंदी होती. यातलं मी तिथं कुणाला सांगितलेलं नाही. मावशीला तर सही येत नाही.

आबा, टाक काढू नका. सरांचं नाव लागलं तर लागू दे, मला आता त्या नाण्याला हात लावायची भीती वाटते. पण एकच विचार मनातून जात नाही. सात वर्षं त्या गळ्यात तो होता. मग माझी आई कुठं होती?

आपली,
गजरा


तेर
११ जानेवारी १९८१

चि. गजरास,
अनेक आशीर्वाद.

तुझा शेवटचा प्रश्न वाचून दाखवला आणि पुतळानं आपण होऊन दोरा तोडला. म्हणाली, परक्याच्या लेकराला नैवेद्य दावला आन् माझी थोरली उपाशी ऱ्हायली. नाणं बंडप्पा मास्तरांबरोबर पाठवतो आहे, त्यांची पुण्याला बैठक आहे. घाबरू नकोस. निघताना पुतळानं त्याच्यापुढं साखर ठेवली आणि सांगितलं, जा बाबा, तुझं नाव लिवणारी हाय तिथं.

नवा टाक लोहारा गावी करून घेतला. तिथल्या सोनारानं बनाला कधी पाहिलेलं नाही. माझ्यासमोर नेहमीच्या ठशावर पत्रा ठेवून त्यानं हातोडी मारली. घरी आणला, कुंकू लावायला दिव्यापुढं धरला, तर डाव्या भुवईवर आडवी रेघ. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना कपची उडून बनाला लागलं होतं, तिथंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा लोहाऱ्याला गेलो. ठसा पाहिला, गुळगुळीत होता. त्याच ठशाचे दुसरे चार टाक पाहिले, एकावरही रेघ नाही. सोनार म्हणाला, माल परत करायचा असंल तर करा. मी नको म्हणालो.

पुतळाला आता ते स्वप्न पडत नाही. पण रोज पहाटे दळायला बसली की गळ्यापाशी कुणीतरी हळूच विचारतं, असं ती सांगते. एकच विचारतं. पोरीचं नाव लागलं का?

मी काय उत्तर देऊ ते कळव.

तुझा,
आबा


पुणे
३ फेब्रुवारी १९८१

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

कार्डावर जागा थोडी आहे. नाण्यात निम्म्याहून थोडी जास्त चांदी निघाली. सरांनी दोनदा तोलायला लावलं. मुलाखतीत एकानं विचारलं, लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का. मी निबंध पुढं केला. त्यावर एकच नाव होतं. काल नेमणुकीचा कागद हातात आला.

हे कार्ड मिळेल त्याच्या दुसऱ्या पहाटे मावशी जात्यावर बसली की तिच्याजवळ जा आणि आईला सांगा, लागलं.

तुमची दोघांची, आणि तिची,
गजरा