बालवाडीच्या दारातली काजळडबी

पुसद, ९ नोव्हेंबर १९६०

चि. विजयमाला हिस वामनदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे कार्ड पोचले. मुकुटबनला बालवाडी काढलीस, बावीस पोरे जमवलीस आणि पंधरवड्यात त्यांतली एकोणीस घालवलीस. इतका झपाट्याचा ऱ्हास मी आजवर साम्राज्यांचाच वाचला होता.

थट्टा पुरे. वेचणीच्या दिवसांत बाया तान्ही पोरे उन्हात कापसाच्या वावरात नेतात, पण तुझ्या सतरंजीवर ठेवत नाहीत, हे खरेच काळजीचे. त्यात महिनाअखेर तपासणीच्या बाई येणार, आणि पंधरा पोरे दिसली नाहीत तर बालवाडी बंद. मग मी पुसदलाच परत येते, असे लिहितेस. ये, घर तुझेच आहे. पण हरून येऊ नकोस.

मी पडलो संस्कृताचा मास्तर. मला कारण सापडेना. तुझ्या वहिनीने भाजी निवडता निवडता कार्ड एकदा वाचले. पोर आले की आधी साबणाने तोंड धुते, असे तू लिहिले आहेस ना? तिने एवढेच विचारले, की मग गालावरची तीट राहते का. वीस वर्षे शास्त्रे घोकून मला हा प्रश्न सुचला नाही. नजर लागते हे मी मानत नाही, तूही मानू नकोस. पण जाऊन विचार.

माया आहेच, पत्राने ती ताजी ठेवावी.

वामनदादा

मुकुटबन, २ डिसेंबर १९६०

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

आधी वहिनीला नमस्कार, मग तुम्हाला.

सुखीबाईची जमनी सगळ्यांत आधी यायची थांबली, म्हणून तिच्याच वावरात गेले. पोर धुऱ्यावर, वावराच्या बांधाशी, मुंग्यांत निजलेले. सुखीबाईने ओटीतला कापूस गाठोड्यात रिता केला. मग म्हणाली, “बाई, मी दिवसभर वावरात. पोरीजवळ माह्या हातचं तेवढंच राह्यते. थेच तुम्ही पुसून टाकता.” माझा साबणाचा अभिमान तिथेच गळाला.

मग ठरवले, की तोंड धुऊन झाले की आईनेच दारात पुन्हा तीट लावायची आणि मग कामाला जायचे. गावात काजळ धरावे ते बौद्ध वस्तीतल्या मथुराबाईंनीच, म्हणून डबी त्यांच्याकडेच मागितली. त्यांचा मुलगा धर्मपाल रागावला. दीक्षा घेतल्यावर नजर-बिजर आपण सोडली, म्हणाला. म्हातारी शांतपणे म्हणाली, “नजर सोडली रे. काजय कायले सोडू?”

पहिल्या सकाळी डबी कुणाच्या घरची, हे सगळ्यांना ठाऊक होते. शेतकऱ्यांच्या आळीतल्या वच्छलाबाई डबीकडे बघत उभ्याच राहिल्या. उन्हे चढत होती, वावर वाट बघत होते. त्यांनी बोट बुडवले. मागच्या सगळ्यांनी बुडवले.  

तपासणीला चोवीस पोरे. बाईंनी विचारले, धुतलेल्या गालावर हा डाग कशाला. मी म्हटले, ती आयांची हजेरी आहे. त्या थोड्या हसल्या आणि पुढच्या वर्षाची मंजुरी लिहून गेल्या.

बाई गेल्यावर मथुराबाईंनी माझ्या कानामागे बोट टेकवले. “तुले इथं कोन लावन?” म्हणाल्या. आपली आई जाऊन नऊ वर्षे झाली, हे त्यांना मी कधी सांगितले नव्हते.

लेकरांच्या गलक्यातून एवढेच. आशीर्वाद असू द्यावा.

विजयमाला

पुसद, ९ डिसेंबर १९६०

चि. विजयमालेस अनेक आशीर्वाद, वि. वि.

जीव भांड्यात पडला. वहिनीने तुझा नमस्कार इतक्या गांभीर्याने स्वीकारला, की त्या दिवशी मला चहा दोनदा मागावा लागला. तुझ्या कानामागच्या तिटेची ओळ मात्र तिला वाचून दाखवताना मला चष्मा पुसावा लागला. इकडे धूळ फार आहे.

एक काम. बाळंतपण आटोपून सूनबाई पुढच्या महिन्यात नातीला घेऊन येते आहे. कुणी येणारे असले तर मथुराबाईंच्या काजळाची एक डबी पाठव. नजर मी मानत नाही, हे मत कायम आहे. पण मी शाळेत शिकवायला गेलो की पोरीजवळ माझ्या हातचे काहीतरी असावे, इतकेच.

तुझ्या चोवीस जणांसकट सुखी राहा, आणि आम्हाला विसरू नकोस.

वामनदादा