पिण्याच्या पाण्याचा कॅन

आई,

आज चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं आणि मला आधी तुझीच आठवण झाली. गावात पाइपलाइनचं काम निघालंय, पाणी कधीही बंद होईल, हे महिनाभर आधीच कळलं होतं. लेक बाळंतपणाला माझ्याकडे आलेली. अंगावरचं पुरत नाही म्हणून नातीला पावडरचं दूध चालू. बाकी कशाला नसलं तरी तिच्या बाटलीपुरतं चांगलं पाणी घरात हवंच, या एका काळजीनं माझी झोप उडाली होती. आणि तुझे जावई मोठ्या तोऱ्यात मित्राच्या द्राक्षबागेतून फवारणीच्या औषधाचे दोन रिकामे निळे कॅन घेऊन आले. "लई मजबूत हायेत. सोडा घालून तीनदा धुतलेत. वास घेऊन बघ, काय येतो का?" वास खरंच नव्हता. मी म्हटलं, "वास नाय म्हंजे औषध नाय, असं कुनी सांगितलं?" दिवसभर ते घुश्श्यात होते. मी त्यांच्याच हातानं दोन्ही कॅनांना भोकं पाडून घेतली.

कारण मला आपला टोमॅटोचा प्लॉट दिसत होता. मी दहा वर्षांची आहे, खुरपणीच्या बाया तहानल्यात आणि घागर गळते आहे. मी फवारणीचा रिकामा कॅन राखेनं घासते, विहिरीवर भरते आणि शाबासकी मिळणार म्हणून मिरवत आणते. तू झाकण बघतेस, कॅन उपडा करतेस आणि सगळ्या बायांसमोर माझ्या कानाखाली वाजवतेस. "इषाच्या डब्यात पानी देतीस व्हय गं मानसान्‌ला?" मग विळ्यानं त्या कॅनाच्या चिंध्या करतेस, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून. त्या अपमानाचा राग मी कितीतरी वर्षं धरून होते. खरं सांगते, तुझ्या तेराव्यालाही तो थोडा शिल्लक होता.

शेवटी आळेफाट्याला गेले. दुकानदारानं पन्नास लिटरचा दाखवला. मी म्हटलं, "राव, भरल्यावर उचलायला तुमी येनार का?" वीस-वीस लिटरचे दोन नवे कोरे कॅन घेतले, खाण्यापिण्यासाठीचेच, घट्ट झाकणाचे. तोंड लहान, कुणाचा हात आत जाणार नाही, खाली तोटी. भरल्याची तारीख चिकटवून जिन्याखाली सावलीत ठेवले. तू रोज सकाळी हंड्यातलं शिळं पाणी अळूला ओतायचीस. पंधरा दिवसांचं शिळं पाणी घरात ठेवलेलं बघून तू मला वेड्यातच काढलं असतंस. पण त्याच पाण्यावर, उकळून घेऊन, पोरीचे तीन दिवस निघाले. आज ती दूध पिऊन ढेकर देऊन झोपली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी ओट्याशी उभ्या उभ्या रडले.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा लिहून टाकते. त्या दिवशी तू मला मारलंस त्याच्या आधीच, चव लागते का बघायला, मी त्या कॅनातले दोन घोट प्यायले होते. नंतर चार दिवस आरशात जीभ बघत होते. काही झालं नाही, नशीब माझं. तुला सांगितलं नाही. तू घाबरशील म्हणून नव्हे गं, आणखी एक बसेल म्हणून.