हळकुंडाचा दोरा

आई, तुझी नात इथे डॉक्टर आहे. ड्यूटीला निघताना बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढून स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये एका वाटीत ठेवते. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. इथल्या ल्यूकन गावच्या ओल्या रस्त्यावरून तिची गाडी निघून जाते आणि मी त्या वाटीकडे बघत बसतो. तिला कुणी काही म्हणत नाही. तुला किती जणांनी म्हटलं!

काल तिच्या मुलीबरोबर, तुझ्या पणतीबरोबर, टीव्हीवर जुन्या काळातली एक मालिका बघत होतो. युद्ध लागतं आणि बड्या घरातल्या बायका तोफगोळ्यांच्या कारखान्यात कामाला जाऊ लागतात. फाटकावर त्यांच्या केसांतल्या पिनासुद्धा काढून घेतात. ते बघून मी एकदम म्हणालो, "अगं, माझी आई!" "नो वे, आजोबा!" म्हणत ती सोफ्यावर उठून बसली. मग सांगत गेलो. एकाहत्तर साल, बाबा सरहद्दीवर, आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात बायकांची भरती. सांगता सांगता मी तिथेच जाऊन पोचलो. बाहेर अजून झुंजूमुंजू आहे, तू भाकऱ्या थापते आहेस, आणि आठवीतला मी चुलीपाशी बसून शाळेतल्या स्पर्धेची कविता घोकतो आहे. मी अडलो की भाकरी उलटता उलटता पुढची ओळ तू म्हणतेस. तीन इयत्ता शिकलेली तू, पण ऐकून ऐकून सगळी पाठ! मग मंगळसूत्र काढून देवापाशी ठेवतेस, कारण कारखान्यात धातूचा कणही चालत नाही. दारात आत्या उभीच. "नवरा सरहद्दीवर, आणि ही गळा उघडा टाकून चालली!" तू चपला घालत म्हणतेस, "वन्सं, ठिणगी उडाली तर मंगळसूत्र घालायला गळाच उरायचा नाही." पणती खो खो हसली. "शी वॉज अ लेजंड!"

पुढचं तिला सांगितलं नाही. वर्गातल्या एकानं तुला रस्त्यात बघून मला विचारलं होतं, "तुझे बाबा गेले काय रे?" त्याच आठवड्यात पाठांतराची स्पर्धा होती. "कधी आहे रे?" तू विचारलंस. होती गुरुवारी. मी सांगितलं, शुक्रवारी.

शुक्रवारी तू अर्ध्या दिवसाची रजा काढून कारखान्यातून थेट शाळेत आलीस. रिकाम्या सभागृहात शिपाई बाकं उचलत होता. तुझ्या गळ्यात पिवळ्या दोऱ्यात ओवलेलं हळकुंड होतं, मंगळसूत्र नसलं की आपल्यात बांधतात तसं. आत्याच्या इतक्या टोमण्यांनी जे तू बांधलं नाहीस, ते माझ्या वर्गातल्या चार पोरांसाठी बांधलंस. तुला कसं कळलं होतं गं? शिपायाला म्हणालीस, "माझाच वार चुकला वाटतं." आणि घरी येताना मला, "चल, आता चालता चालता म्हणून दाखव." मला पहिली ओळसुद्धा आठवेना. मग तूच म्हणत राहिलीस, घर येईपर्यंत.

बाबा धडधाकट परत आले, मंगळसूत्र पुन्हा गळ्यात आलं. ते हळकुंड बहुतेक कधीतरी कुटून आमटीत गेलं असेल. मला मात्र अजून चालताना तुझा तो आवाज हवा असतो. इथल्या बागेत फिरताना ओळी म्हणतो आणि मुद्दाम अडतो. पुढची ओळ येत नाही.

"तू पोएम म्हणालास तेव्हा ती आली होती?" पणतीनं काल शेवटी विचारलं. "आली होती तर," मी म्हणालो, "पहिल्या बाकावर बसली होती."

हे पत्र वाटीखाली ठेवणार होतो. पण तुझी नात वाचेल, म्हणून घडी करून खिशात ठेवतो आहे. आई, तुझा वार चुकला नव्हता.