इंजिन एकंदर उत्तम

२ मे १९६४, जानेफळ
आजपासून रोजनिशी नियमित. कालपासूनच लिहिणार होतो, पण काल महाराष्ट्र दिन होता.

अकोल्याच्या भंगार बाजारातून मोटारीचं इंजिन आणलं. वापरलेलं, पण उमदं. बदल्यात सायकल दिली. तुळशीराम (बालमित्र. टुरिंग टॉकीजचा जनरेटर चालवतो म्हणून स्वतःला इंजिनिअर समजतो) म्हणे, चालती सायकल देऊन बंद इंजिन आणलं, तुहं डोस्कं हाये का खोकं बे? दूरदृष्टी नाही त्याला.

मामांनी दिलेली मोटार गोठ्याशेजारी तीन वर्षं उभी आहे. सगळं शाबूत, फक्त इंजिन नाही. सध्या मागच्या सीटवर शेळी बसते.

ठराव: इंजिन बसवण्याआधी पूर्ण तपासायचं. खोलायचं, घासायचं, बाहेर चालवून पाहायचं, मगच गाडीत. घाई नाही. या घरात माझ्याइतका संयम कोणाला नाही.

३ मे
पुष्पाला (धाकटी बहीण, यंदा मॅट्रिक पास) मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी मुलाखतीला बोलावलंय. २२ जून, दुपारी, बुलढाणा. बाबा नाहीच म्हणत होते. एस.टी.नं गेलं की परत यायला दुसरा दिवस उजाडतो, आणि पोरीनं परगावी रात्र काढायची नाही, असा त्यांचा कायदा. मी मधे पडलो. म्हटलं, माझ्या मोटारीत नेतो, दिवेलागणीच्या आत आणतो.

बाबा म्हणे, मोटार चालली त जाईन पोरगी. नाही चालली त घरीच राहीन. विषय संपला.

पुष्पानं माझ्याकडं पाहिलं, मग इंजिनाकडं. डोळ्यांत विश्वास दिसला. बहुधा विश्वासच.

९ मे
ऊन. लोखंड तापतं. तापलेल्या लोखंडावर काम करणं अशास्त्रीय.

१२ मे
ऊन.

१७ मे
तपासणी सुरू. हँडल घालून फिरवलं. फिरलं! म्हणजे निम्मं काम झालंच. ऑइल काढलं. काळं, आणि त्यात काहीतरी चमचमत होतं. तुळशीराम म्हणे, लोखंडाचा कीस हाये, आतून झिजून राह्यलं हे. मी म्हटलं, ऊन पडलंय त्यावर. मग प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला आणि इंजिन फिरवलं. दाब चांगला असला की अंगठा उडतो. पहिल्या दोन सिलिंडरांनी उडवला. तिसऱ्यानं हलवला. चौथा जरा लाजाळू आहे.

अमरावतीच्या कॉलेजात मी मधोमध कापलेलं इंजिन पाहिलंय. त्याच्या आतलं सगळं उघडं दिसायचं. हे न कापलेलं असल्यामुळे थोडं कठीण जातंय, एवढंच.

२४ मे
हेड खोललं. आतली काजळी मायच्या उलथण्यानं खरवडली. माय म्हणे, आता भाकर काय पान्यानं उलटवू काय? मग व्हॉल्व्ह घासले. मसाला लावून, दांडी दोन्ही तळहातांत धरून, पुढंमागं फिरवायची. अगदी रवी. माय दारात उभी राहून हसली. म्हणे, ताक कर म्हनलं की आंग दुखते तुहं.

गोठ्यातून कचरा फार उडतो. तेव्हा इंजिनाची सगळी तोंडं, भोकं, नळ्या कापसानं गच्च बंद केल्या. कापूस घरचाच, मायनं वातीसाठी पिंजून ठेवलेला. शहरातले मेकॅनिक चिंध्या कोंबतात. आपल्याकडं एवढा कापूस पिकतो आणि चिंध्या कशाला?

पुष्पा म्हणे, दादा, कुठं कुठं घातला ते लिहून ठेव. मी म्हटलं, पुष्पे, तुझ्या दादाची स्मरणशक्ती कॉलेजात प्रसिद्ध होती. ती म्हणे, मग इंटर दोनदा काऊन केलं? मुलाखतीआधी मुलींचा स्वभाव चिडका होतो.

२ जून
पिस्टनच्या रिंगा नव्या टाकायच्या होत्या. मेहकरला मिळाल्या नाहीत. म्हणजे विचारल्या नाहीत, पण दुकान बाहेरून पाहिलं. त्यात रिंगा असाव्यात असं वाटलं नाही. जुन्याच रॉकेलनं धुतल्या. धुतल्यावर नव्यासारख्या दिसतात. गॅस्केट जुनंच, दोन्हीकडून रंग फासून.

बाबा रोज संध्याकाळी वांग्याच्या वाफ्यातून येतात, इंजिनाभोवती एक चक्कर मारतात आणि काही न बोलता पाय धुवायला जातात. मौन म्हणजे संमती.

१३ जून
जोडणी पूर्ण! कापूस काढला, मायला परत केला. मायनं हातावर तोलून पाहिला. म्हणे, मूठभर कमी हाये रे. म्हटलं, तेलानं कापूस आक्रसतो. केमिस्ट्रीत असं शिकवलं नव्हतं, पण नाकारलंही नव्हतं. माय म्हणे, बाबू, सारी जिंदगी कापूस येचला म्या, मले नको सांगू. बायकांचा कापसावर फार जीव.

१६ जून
इंजिन आधी बाहेर चालवून पाहणार होतो. ठराव तसाच होता. पण आज उचलायला सहा माणसं सापडली. उद्यापासून ती पेरणीच्या तयारीला जाणार. शिवाय बाहेर चालवून पाहणं म्हणजे स्वतःच्याच कामावर संशय घेणं. तीन लाकडांचा तिवडा उभा केला, मोटेचा जुना नाडा लावला आणि इंजिन सरळ गाडीत उतरवलं. शेळी बाहेर निघेना. शेवटी पुष्पानं ओढली.

चार बोल्टांपैकी तीन जुळले. चौथ्या जागी तार. तीन पायांवर तिवडा उभा राहतो, हे आजच सगळ्यांनी पाहिलं.

१८ जून
चाचणी. हँडल मारलं. इंजिन खोकलं. दोनदा हललं. थांबलं.
म्हणजे सुरू होतं, आणि बंदही होतं. इंजिनाकडून आणखी काय हवं? पेट्रोल वाचवण्यासाठी पुढच्या चाचण्या रद्द केल्या. बाबांना सांगितलं, तयार आहे. ते आजच्या बाजारात वांगी विकता विकता सगळ्यांना सांगून आले की माही पोरगी मोटारीत बुलढाण्याले जाणार हाये.

२१ जून
पुष्पानं लुगड्यावर निखाऱ्यांचा तांब्या फिरवून इस्त्री केली. मग माझ्याकडं येऊन हळूच म्हणे, दादा, एकदा चालवून दाखव नं. म्हटलं, नट नाटकाच्या आदल्या दिवशी घसा जपतो. ती म्हणे, तुहा भरवसा नसन त आताच सांग, मी बाबाच्या पाया पडतो, आज एस.टी.नं आत्याकडं जातो. (मनकर्णाआत्या बुलढाण्यालाच राहते.) म्हणे, ही मुलाखत गेली त पुढच्या साली मह्यं लगन लावून देतीन.

मला वाईट वाटलं. सख्ख्या भावावर अविश्वास! मी वचन दिलं.

२२ जून, सकाळी सहा
आज. आकाश स्वच्छ. मन शांत. सातला निघू, दहाला बुलढाणा. मुलाखतीआधी तिला तळं दाखवू.

२२ जून, संध्याकाळ
सविस्तर लिहितो.

मायनं ओवाळलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. अर्धं गाव जमलं. हँडल मी मारलं, तुळशीरामनं मारलं, मग जो येईल त्यानं मारलं. आज खोकलासुद्धा नाही. तुळशीराम कान लावून म्हणे, लेका, याची छाती भरली, श्वासच घेऊन नाही राह्यलं हे. अडाणी निदान.

पुष्पा पुढच्या सीटवर बसलेली. मांडीवर सर्टिफिकेटांची पिशवी. रडली नाही, उतरलीही नाही. नुसती काचेतून समोर पाहत राहिली. बाबा तिच्याकडं बराच वेळ पाहत होते. मग गोठ्यात गेले आणि बैल घेऊन आले.

मी म्हटलं, बाबा, आज तर धुऱ्याकडच्या वावरात वखर घालायचं होतं. बाबा म्हणे, साऱ्या बाजारात सांगून बसलो मी, पोरगी मोटारीत जाईन. मोटारीतच जाईन. तू चाक धर, दुसरं कशाले हात लावू नको.

पुढच्या बंपरला नाडा बांधला, जू जोडलं आणि मोटार निघाली. लिंबू चिरडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही लोक हसत होते, ते आनंदानं असावं.

गाडी एकंदर उत्तम चालली. स्टिअरिंग हलकं. ब्रेकही उत्तम. एकदा लावून पाहिला तर बैल जागीच थांबले आणि बाबांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यात ते स्वतःही येतात, हे मी सांगितलं नाही.

फाट्यावर एस.टी. आली. कंडक्टर खिडकीतून म्हणे, काय हो पाटील, नवीन मॉडेल काढलं का? बाबा म्हणे, हाव, दोन बैलाची पावर हाये. दोन तिकिटं फाड बुलढाण्याची.

मी विचारलं, आणि रात्र? बाबा म्हणे, तिची आत्या हाये, मी हाये. तू बैलं घरी ने, पानी पाज. धोतराला शेण लागलेलं, तसेच चढले. पुष्पानं खिडकीतून हात हलवला. मला की बैलांना, कळलं नाही.

म्हणजे परगावी रात्र काढायची नाही, ही मूळ अडचण आज सुटली, आणि ती माझ्या मोटारीमुळे सुटली.

२३ जून
बैल थकलेले. वखर राहिलं. मी नुसताच वावरात उभा राहून आलो.

२४ जून
कार्बोरेटर खोलला. त्याच्या मागच्या, इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत मायचा कापूस. गच्च. आश्चर्य म्हणजे एवढं होऊनही कापूस उत्तम स्थितीत. जरासा ओला. मायच्या हातावर ठेवला. तिनं तोलला, म्हणे, हां, आता बरोबर भरला. उन्हात पसरून आली.

दुपारी बाबा आणि पुष्पा आले. निकालासाठी एक दिवस जास्त थांबले होते. पुष्पाची निवड झाली. पहिल्या तारखेपासून तिथंच राहायचं. बाबा म्हणे, मास्तरणी होईन माही पोरगी, आणि आल्या आल्या पाय न धुता बैलांकडं गेले. पुष्पा मला म्हणाली, दादा, कापूस सापडला म्हणे. म्हटलं, हो. ती म्हणाली, ठेव थोडा, पुन्हा लागंन.

इंजिनात आता काही दोष उरलेला नाही. उद्या हँडल मारून पाहीन. उद्या नाही तर परवा. बाबांनी मला उद्यापासून वखरावर जायला सांगितलंय.

दिवेलागणीला मायनं पुष्पाच्या नावानं देवाजवळ दिवा लावला. वात त्याच कापसाची वळली होती. पहिल्याच काडीत पेटली.